ऊन आमचं, गच्ची भाऊबंदांची

धाराशिव जिल्ह्यात मुबलक काय मिळतं असं कुणी विचारलं, तर खवा आणि शेळी यांच्याही आधी उन्हाचं नाव घ्यावं लागेल. पाऊस फसवतो, नळ फसवतो, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेनं तर आख्ख्या पिढीला ताटकळत ठेवलं. ऊन मात्र इमानदार. त्याला अर्ज लागत नाही, आमदाराची शिफारस लागत नाही, आचारसंहिता आडवी येत नाही. असं फुकटचं धन डोक्यावर ओतलं जात असताना घरोघरी गच्चीवर वीज तयार व्हायला काय हरकत आहे? हरकत कुणाचीच नाही. दिल्लीची नाही, मुंबईची नाही, बँकेची नाही. मग घोडं पेंड कुठं खातं, ते बघू.

सुरुवात सोलरवाल्या पोरापासून करावी लागेल. हल्ली तो गल्लोगल्ली दिसतो. पाठीला सॅक, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कुणाच्या तरी चकचकीत बंगल्याचा फोटो. दारात उभा राहून पहिला प्रश्न: "काका, बिल किती येतंय?" तुम्ही खरा आकडा सांगा की खोटा, त्याचं उत्तर ठरलेलं: "झिरो करून देतो."

तर पहिला टोला या झिरोला. बिल शून्य होत नाही. युनिटं शून्य होतात, पण स्थिर आकार राहतो, त्याच्यावरचं शुल्क राहतं. मीटर भिंतीवर आहे तोवर त्याचं भाडं दिल्यासारखं काहीतरी द्यावंच लागतं. पोरगं हे सांगत नाही, कारण काकांनी विचारलेलं नसतं. काका विचारतात ते एवढंच: "सबसिडी कितीय?"

तेही सांगून टाकू. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ७५,०२१ कोटींचा खर्च आणि एक कोटी घरांचं उद्दिष्ट. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० आणि तिथून पुढं कितीही चढवा, ७८,०००च. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि महिन्याला सरासरी १२० युनिटं निघतात. अनुदान हवं तर पॅनेल देशी बनावटीचं पाहिजे. ते परदेशी मालापेक्षा महाग पडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. तारणाशिवाय कर्ज मिळतं, सहा-सात टक्क्यांच्या घरात. आणि एक बारीक अक्षरातली गोष्ट: अनुदान नंतर खात्यावर येतं. आधी सगळे पैसे तुम्ही उभे करायचे, नाहीतर बँकेनं.

आता हिशेब. महिन्याला २५० युनिट जाळणारं घर घ्या. फ्रिज आहे, कूलर आहे, पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो म्हणून रात्री दोनपर्यंत पंखा आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा दर ४.७१ रुपये आणि १०१ ते ३०० चा १०.२९. प्रत्येक युनिटामागं १.१७ रुपये वहन आकार, १२८ रुपये स्थिर आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. बेरीज २,८०० च्या पुढं जाते. या घरानं दोन किलोवॉट बसवले, खर्च एक लाख ३५ हजारांच्या आसपास आला आणि ६०,००० परत मिळाले, तर खिशातून गेले ७५,०००. महिन्याला वाचतात २,६००. अडीच वर्षांत पैसे वसूल. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची. इन्व्हर्टर मधे एकदा-दोनदा बदलावा लागेल, तो धरूनसुद्धा असा परतावा ना एफडीत मिळतो, ना सोयाबीनमध्ये. नंतर दर वरखाली झाले, वीज नियामक आयोगाच्या आदेशांवरून कोर्टकज्जेही झाले. पण शंभर युनिटांचा उंबरा ओलांडला की दर दुपटीच्या घरात जातो, ही रचना काही बदललेली नाही.

आता दुसरं घर घ्या. ९० युनिटवालं. दोन बल्ब, एक पंखा, टीव्ही, मोबाईल. बिल पावणेआठशेच्या आतबाहेर. इथं एक किलोवॉट बसवला तर अनुदान जाऊन पस्तीस-चाळीस हजार घालावे लागतात आणि वाचतात महिन्याला सहाशे. वसूल व्हायला पाच वर्षं. म्हणजे ज्याला विजेची ऐपत जास्त, त्याला सोलर स्वस्त. ज्याची ऐपत कमी, त्याला महाग. सूर्य समाजवादी असेल, दरपत्रक नाही.

हे राज्य सरकारच्या लक्षात आलं नाही असं नाही. २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना निघाली, शंभर युनिटांच्या आतल्या घरांसाठी. पाच लाख ग्राहक, ६५५ कोटी रुपये. केंद्राच्या ३०,००० वर राज्य आपले घालणार: दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,०००, बाकीच्यांना १०,०००. किलोवॉटचा खर्च ५०,००० धरला, तर दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फक्त अडीच हजार भरायचे. चार-पाच महिन्यांत वसूल! कागदावर याहून देखणी योजना शोधून सापडणार नाही. टाळ्या वाजवायला हात उचलावा, तेवढ्यात नजर वर जाते. वर पत्रा असतो.

गच्चीवरची वीज म्हटलं की आधी गच्ची लागते, हे योजना लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, कारण तो स्लॅबखाली बसून लिहितो. आमच्याकडं छतांचा इतिहास वेगळा आहे. इथलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद: लाकडी सर, त्यावर किलचन, त्यावर दरवर्षी चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात हीच माळवदं किल्लारीपासून सास्तूरपर्यंत झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर या भागातल्या माणसाचं आणि डोक्यावरच्या ओझ्याचं नातं कायमचं बिघडलं. आजही कुणी वर काहीतरी चढवायचं म्हटलं, की घरातली म्हातारी आधी विचारते, "वजन किती हाय?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट माहितीपुस्तिकेतल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा शहाणा आहे आणि त्याचं उत्तर सोलरवाल्या पोराकडं बहुधा नसतं.

पुनर्वसनात जी घरं मिळाली ती जमिनीच्या मापानं मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे छतसुद्धा सातबारा बघून आलं. २५० चौरस फुटांवर पाण्याची टाकी ठेवा, जिन्याचा कोपरा सोडा, शेजारच्या लिंबाची सावली वजा करा. एक किलोवॉट बसला तर नशीब. आणि घरकुलाचं म्हणाल, तर एक लाख २० हजारांत स्लॅब पडत नाही म्हणून लोक पत्रे टाकतात. त्यावर २०२५ मध्ये राज्यानं ५०,००० वाढवून दिले, त्यातले १५,००० सौर पॅनेलसाठी राखून. भिंतीला गिलावा नाही, दाराला कडी नाही, पण वर पॅनेलची सोय आहे. पत्र्यावर पॅनेल बसत नाही असं नाही. लोखंडी कैची दणकट असेल तर क्लॅम्प मारून बसतं. पण वाश्यांवर खिळलेला आणि वाऱ्याला उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला पत्रा असेल, तर वळवाच्या पहिल्या वावटळीत तुमची वीज शेजारच्या शिवारात.

ज्यांच्याकडं स्लॅब आहे, त्यांची तरी गच्ची रिकामी असते का? धाराशिवात, तुळजापुरात, उमरग्यात उन्हाळ्याच्या दिवशी कुठल्याही गच्चीवर डोकावून बघा. एका कोपऱ्यात कुरडया, दुसऱ्यात सांडगे, मधे तिखटाच्या मिरच्या, साडीच्या झोळीत वाळणारी तुरीची डाळ. दोन काळ्या टाक्या, कारण पाणी आलं त्या दिवशी पुढचे आठ दिवस भरून ठेवायचे असतात. रात्री त्याच गच्चीवर सहा अंथरुणं. अशा भरल्या संसारात तीन किलोवॉट म्हणजे तीनशे चौरस फुटांचा पाहुणा येतो, पंचवीस वर्षांच्या मुक्कामाला. "उंच स्ट्रक्चर करू की, खाली तुमचं वाळवण खुशाल चालू द्या," असं पोरगं म्हणतं. करा; पण सांगितलेला भाव ठेंगण्या सांगाड्याचा असतो. लोखंड उंच झालं की भावही उंच होतो, आणि ही वाढ अनुदानात धरत नाहीत.

बरं, गच्ची आहे, जागा आहे, पैसे आहेत. आता कागद. पोर्टलवर पहिला रकाना ग्राहक क्रमांकाचा. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव एकच पाहिजे. आणि बिलावर नाव असतं आजोबांचं, वारून वीस वर्षं झालेल्या तात्यांचं. घरात तीन चुली, तीन टीव्ही, एक मीटर. तात्या महावितरणच्या दफ्तरी ठणठणीत आहेत, दरमहा बिल भरतात, फक्त त्यांना आधार कार्ड काढता येत नाही. नाव बदलायचं तर वारसांची संमती लागते. वारस पुण्यात, हडपसरला. एक काका बोलत नाही. दुसऱ्या काकाला वाटतं, मीटर ह्याच्या नावावर झालं की उद्या घर ह्याच्या नावावर. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशी म्हण आहे. इथं श्राद्ध दरवर्षी होतं, तरी कागदोपत्री बाप जिवंतच.

ही भाऊबंदकी कागदावरच थांबत नाही. तुम्ही दक्षिणेकडं तोंड करून, आपल्या अक्षांशाला साजेसा अठरा अंशांचा कल देऊन, नीट पॅनेलं बसवता. पुढच्या वर्षी शेजारचा चुलता वरचा मजला चढवतो. दुपारी तीननंतर त्याच्या भिंतीची सावली तुमच्या एका पॅनेलवर. साध्या जोडणीत सगळी पॅनेलं एका माळेत ओवलेली असतात. एकावर सावली आली की बाकीच्यांचं उत्पन्नही बसतं. एकत्र कुटुंबासारखंच: पंगतीत एकानं तोंड फुगवलं की सगळ्यांचं जेवण बेचव. बांधाच्या भांडणाला तहसीलदार आहे, मोजणी आहे. सावलीची मोजणी अजून निघालेली नाही. निघेल, धीर धरा.

आता सगळ्यात मोठी गंमत. समजा हे सगळं पार पडलं. पॅनेलं बसली, नेट मीटर लागला, गुलाल-हळदीकुंकू झालं. मे महिना, दुपारचे दोन, वर आग ओकणारं ऊन. आणि लाईट जाते. गल्लीतले सगळे बाहेर येतात, शेजारी कौतुकानं वर बघतात: ह्यांचं काय बाबा, सोलर आहे! आणि आत तुमचाही पंखा बंद. ग्रीडला जोडलेली साधी सोलर यंत्रणा लाईट गेली की आपणहून बंद पडते. त्याला कारण आहे आणि ते रास्त आहे. खांबावर वायरमन चढलेला असतो. दहा घरांची सोलर वीज तारेत उलटी वाहत राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टरला शिकवलेलंच असतं: तार मेली की तू पण मर. लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा, बॅटरीवर अनुदान नाही, आणि ती काही पंचवीस वर्षं टिकत नाही. थोडक्यात, ज्या गावात दिवसातून चारदा लाईट जाते, तिथंच सोलरची सगळ्यात जास्त गरज आणि तिथंच ते सगळ्यात कमी कामाचं. हे वाक्य एकाही जाहिरातीच्या फलकावर मी वाचलेलं नाही. फलकावर हसरं कुटुंब असतं, आणि त्यांच्या घरची लाईट कधीच गेलेली नसते.

"पण आपल्याकडचं ऊन बघा की!" असं म्हणणाऱ्यांनाही एक निरोप. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता पंचवीस अंश तापमानावर मोजलेली. मे महिन्यात काच साठीच्या पुढं तापते आणि उत्पन्न दहा-बारा टक्क्यांनी घसरतं. चाळीस-बेचाळीस अंशांत तुम्ही जसे कामाला टाळाटाळ करता, तसं तेही करतं. त्यात धूळ. पंधरवड्यातून एकदा तरी काच पुसायला हवी, सकाळी गार असताना. कशानं? पाण्यानं. बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात. गोडं पाणी वापरावं तर ते नळाला येईल तेव्हा. प्यायचं पाणी विकत घेणाऱ्या जिल्ह्यात बायकोला सांगून बघा, की दोन बादल्या पॅनेलच्या अंघोळीला ठेव. पुढची जबाबदारी सदर लिहिणाऱ्याची नाही. गारांचं मात्र फार भय धरू नका. चाचणीत पॅनेलच्या काचेवर २५ मिलिमीटर जाडीच्या बर्फाच्या गोळ्या ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं मारून बघतात. २०१४ च्या गारपिटीत मराठवाड्यानं काय पाहिलं ते आठवून वाटलं तर विमा काढा.

इथं कुणी म्हणेल, या माणसाचं पोट सोलरवर दुखतंय. मुळीच नाही. गच्चीवरचं सोलर ही त्यातल्या त्यात सगळ्यात सज्जन योजना आहे. शेतातली बघा. सौर कृषिपंप मिळतो, शेतकऱ्याला दहाच टक्के भरायचे; पण ऊन शिगेला पोहोचतं तेव्हा विहिरीनं तळ गाठलेला असतो. पंप तयार, ऊन तयार, उपसायचं काय? डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, मोबदल्यावरून शेतकरी आणि कंपन्यांची भांडणं झाली. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. वारं आमचं, ऊन आमचं, जमीन आमची. वीज तारेत जाते आणि तारेतून कुठं जाते ते तार जाणे. त्यापेक्षा ज्याची त्याला, ज्याच्या त्याच्या डोक्यावर, हे धोरण केव्हाही बरं.

म्हणूनच तक्रार सोलरची नाही, त्याच्या मापाची आहे. हा सदरा शिवताना समोर जो माणूस उभा केला होता तो चौकोनी कुटुंबाचा, स्वतःच्या नावावर मीटर असलेला, मोकळ्या स्लॅबचा, हाताशी लाखभर रुपये असलेला होता. असा माणूस धाराशिवात आहे. शिक्षक कॉलनीत आहे, बँक कॉलनीत आहे. त्यानं उद्याच्या उद्या बसवावं, त्याचे पैसे अडीच वर्षांत फिटतील आणि त्यानं नंतर आम्हाला चहाला बोलवावं. पण तोच सदरा पत्र्याखालच्या, सामायिक मीटरच्या, नव्वद युनिटच्या माणसाच्या अंगावर चढवायचा आणि बटण लागत नाही म्हणून त्यालाच "जागृती नाही" असं म्हणायचं, हे काही बरं नव्हे. दिल्ली-मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्याच असतील, तर निदान शेळी उस्मानाबादी आहे आणि ती कुठल्याही कुरणात चरत नाही, एवढं तरी बघून घ्यावं.

ज्यांनी घ्यायचं ठरवलंय त्यांनी पोराला चार प्रश्न विचारावेत. लाईट गेल्यावर पंखा चालेल का? स्ट्रक्चरची उंची आणि वजन किती? तिसऱ्या वर्षी बिघडलं तर फोन कोण उचलणार? आणि माझ्या वापरापेक्षा मोठा संच का गळ्यात मारतोस? हा चौथा महत्त्वाचा. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात, पण ३१ मार्चला उरलेली युनिटं कंपनी घेते ती ज्या भावानं तुम्हाला विकते त्या भावानं नव्हे. वीज विकून बंगला बांधू असं कुणाच्या मनात असेल तर त्यानं कांदा लावावा. त्यात निदान एखाद्या वर्षी लॉटरी लागते. शिवाय पॅनेल पंचवीस वर्षांचं असलं तरी नियम तितके टिकतीलच असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला दिवसाची वीज दिवसाच्याच वापरात वळती करायचा प्रस्ताव दरवाढीच्या कागदांत आला, तेव्हा छतवाल्यांच्या छातीत धस्स झालं होतं. दिवसा सगळे कामावर, पंखे रात्री. मग दुपारी पिकवलेलं कुणी खायचं?

आणि सरकारसाठी एकच मागणी, तीही बिनखर्चाची. अनुदान आहे तेवढं पुरे, वाढवू नका. जाहिरातीची एक होर्डिंग कमी करा आणि त्या पैशात आठही तालुक्यांच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस मंडप टाका. एका टेबलावर महावितरणचा माणूस, दुसऱ्यावर तलाठी, तिसऱ्यावर बँकेचा, चौथ्यावर पत्रा आणि कैची ठोकून बघून "पेलेल" किंवा "पेलणार नाही" असं लिहून देणारा इंजिनिअर. वारस आले, सह्या झाल्या, मीटर जित्या माणसाच्या नावावर झालं, की निम्मी योजना तिथंच पार पडली. एक कोटी घरांना सूर्याशी जोडायला निघालात, उत्तम आहे. तेवढं आधी आमच्या तात्यांना वीजबिलातून मोक्ष द्या. स्वर्गात जाऊनही दर महिन्याला शेवटच्या तारखेच्या आत बिल भरावं लागतंय त्यांना.